साक्षीचा पडदा व उलटतपासणीचा हक्क

इ. स. १८७२ च्या हिंदी पुराव्याच्या कायद्यांतील १५५ व्या कलमाचें चौथें पोटकलम अभ्यासकांनीं मुद्दाम पाहण्याजोगें आहे. बलात्काराच्या खटल्यांत, फिर्यादी स्त्री सामान्यतः दुर्वर्तनी आहे असें दाखवून तिची साक्ष अविश्वसनीय ठरविण्याची मुभा त्यानें आरोपीस दिली होती. २००२ च्या दुरुस्ति-कायद्यानें तें रद्द झालें.

त्यामुळें आरोपीचा बचाव दुबळा झाला काय? २६ मे २००४ रोजीं 'साक्षी विरुद्ध भारत सरकार' या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, पीडितेस आरोपी दिसूं नये म्हणून पडदा लावावा. उलटतपासणींतील घटनेसंबंधींचे प्रश्न लिहून न्यायाधीशांकडे द्यावे व त्यांनीं ते स्पष्ट, पण लाजविणार नाहींत अशा भाषेंत विचारावे. प्रश्न कायम राहिले, विचारणारें तोंड तेवढें बदललें. २०१३ मध्यें फौजदारी प्रक्रियेच्या २७३ व्या कलमास जोडलेल्या परंतुकानेंहि, अठरा वर्षांखालील पीडित मुलीस आरोपीच्या समोर न आणतां, त्याचा उलटतपासणीचा हक्क राखण्याची अट घातली.

जुने कागद पारखणारांस हा न्याय परका नाहीं. पत्राचा खरेपणा आपण अक्षर, तारीख व मजकूर यांवरून कसून तपासतों. लिहिणाराच्या घराण्याची निंदा ऐकून तें बनावट ठरवीत नाहीं.