बिजागरी : साष्टीच्या दारांचा एक दुर्लक्षित पुरावा

प्रस्तावना

घराचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष साधारणतः वास्तुशैली, बांधकामाचा काळ आणि मालकी हक्काची कागदपत्रे यांकडे जाते. दाराची झडप ज्या सांध्यावर फिरते, त्या बिजागरीची नोंद सहसा घेतली जात नाही. वास्तविक दैनंदिन वापराच्या अशा वस्तूंतून तंत्रज्ञान, व्यापार आणि भाषिक देवाणघेवाण यांचा इतिहास उलगडू शकतो. प्रस्तुत निबंधात अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ही उपनगरे ज्यावर वसली आहेत, त्या जुन्या साष्टी बेटाच्या संदर्भात बिजागरीचा उपयुक्त वस्तू, शोभेची वस्तू आणि ऐतिहासिक साधन अशा तीन अंगांनी विचार केला आहे.

बिजागरीपूर्वीचे दार

धातूची बिजागरी सर्वत्र रूढ होण्यापूर्वी भारतात दारे प्रामुख्याने खुंटावर फिरत. झडपेच्या एका कडेला वर आणि खाली गोल खुंट ठेवला जाई. खालचा खुंट उंबरठ्यातील खळग्यात आणि वरचा चौकटीच्या माथ्यावरील भोकात बसे. या रचनेत झडपेचा सर्व भार खालच्या खळग्यावर येतो. त्यामुळे वाड्यांच्या आणि किल्ल्यांच्या जड कवाडांसाठी ही पद्धत दीर्घकाळ टिकून राहिली.

बोरिवलीजवळच्या कान्हेरी येथे शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथील अनेक प्रवेशद्वारांना लाकडी चौकटी व झडपा बसविण्यासाठी कोरलेल्या खाचा आजही दिसतात. लाकूड नाहीसे झाले, पण दार होते याची साक्ष दगडाने जपली.

अशा खाचांचे मोल किती असू शकते, हे अमेरिकन कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक (१९२८-२०१९) यांच्या अजिंठ्यावरील संशोधनातून दिसून येते. अजिंठ्यातील दारे बसविण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने कशी बदलत गेली, खुंटासाठीची भोके कोठे आणि कशी कोरली गेली, याचे त्यांनी बारकाईने वर्गीकरण केले. लेण्यांचा क्रम ठरविताना त्यांनी हा महत्त्वाचा आधार मानला. त्यांनी मांडलेला कालक्रम सर्व अभ्यासकांना मान्य नाही. तथापि दाराच्या एका खळग्यावरून कालनिर्णयाची चर्चा होऊ शकते, ही बाब पद्धतिशास्त्राच्या दृष्टीने मोलाची आहे.

शब्दाची साक्ष

दाराशी संबंधित मराठी शब्दांकडे पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. दार, चौकट, उंबरठा हे शब्द देशी परंपरेतील आहेत. बिजागरी हा शब्द मात्र पोर्तुगीज 'बिसाग्रा' या शब्दावरून आला आहे. गोव्यातील भाषापंडित सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो (१८५५-१९२२) यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा जो कोश १९१३ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात या शब्दाची कोकणी, मराठी आणि गुजराती रूपे दिली आहेत. गुजरातीत त्याचे 'मिजागरुं' झाले. चावी आणि अलमारी हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले. म्हणजे घर बंद करण्याच्या आणि वस्तू सुरक्षित ठेवण्याच्या साधनांची काही नावे एकाच वाटेने मराठीत दाखल झाली.

साष्टीच्या संदर्भात या शब्दाला विशेष अर्थ आहे. गुजरातचा सुलतान बहादुरशहा याच्याशी झालेल्या १५३४ च्या तहाने हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३७-३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी तो जिंकून घेतला. या सुमारे दोनशे वर्षांत येथे चर्च, मठ आणि निवासस्थाने उभी राहिली. बोरिवलीतील मंडपेश्वर लेण्यांच्या माथ्यावरील मठाचे अवशेष आणि अंधेरीच्या सीप्झ परिसरातील १५७९ च्या चर्चचे भग्न अवशेष ही त्याची उदाहरणे होत. अशा बांधकामांवर स्थानिक सुतार आणि लोहार काम करीत असताना वस्तूबरोबर तिचे नावही रूढ झाले असावे, असे अनुमान करता येते. मात्र शब्द परका आहे एवढ्यावरून त्यापूर्वी येथे धातूचे सांधे मुळीच नव्हते, असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. पेट्या आणि डब्यांच्या झाकणांना असे सांधे पूर्वीही असू शकतात. शब्दाची साक्ष ग्राह्य आहे, पण ती वस्तूच्या पुराव्याशी ताडून पाहिली पाहिजे.

उपनगरांतील हार्डवेअरच्या दुकानांत या इतिहासाचे थर आजही ऐकू येतात. एकाच वस्तूला मराठी ग्राहक बिजागरी म्हणतो, गुजराती ग्राहक मिजागरुं म्हणतो, तर उत्तर भारतीय सुतार 'कब्जा' मागतो. कब्जा हा मूळ अरबी शब्द असून त्याचा अर्थ पकड असा आहे. नव्या पिढीला 'हिंज' हा इंग्रजी शब्द जवळचा वाटतो. दुसरीकडे शालेय विज्ञानाने कोपर आणि गुडघ्यासाठी 'बिजागरीचा सांधा' ही संज्ञा स्वीकारली. परका शब्द इतका आपलासा झाला की तो शरीररचना समजावून सांगण्यासाठी उपयोगी पडला.

प्रमाणित वस्तू आणि शोभेची वस्तू

इंग्लंडमध्ये १७७५ साली ओतीव लोखंडाच्या बिजागरीचे पेटंट घेतले गेले. यंत्रनिर्मित स्क्रू स्वस्त झाल्यावर दोन पट्ट्या आणि मधली दांडी अशी साधी बिजागरी सर्वत्र पोहोचली. मुंबईची हद्द १९५० आणि १९५७ मध्ये उत्तरेकडे वाढत जाऊन मुलुंड व दहिसरपर्यंत गेली, आणि चाळी व सदनिकांच्या बांधकामाबरोबर एकसारख्या मापाच्या बिजागऱ्यांची गरजही वाढली. पोलादी बिजागरीसाठी आयएस १३४१ आणि अलोह धातूंच्या बिजागरीसाठी आयएस २०५ ही भारतीय मानके आहेत. लोहाराच्या हातची वस्तू अशा रीतीने प्रमाणित माल बनली. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात विकसित झालेल्या आणि कपाटाच्या दारात ३५ मिलिमीटरचे छिद्र पाडून बसविल्या जाणाऱ्या बिजागरीने तर स्वतःला दृष्टीआड केले.

याउलट बिजागरी मिरविण्याचीही दीर्घ परंपरा आहे. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या दारांवरील वेलबुट्टीची लोखंडी कामे इतकी सफाईदार होती की ती सैतानाच्या मदतीने घडविली गेली, अशी दंतकथा निर्माण झाली. गोव्याशी निगडित असलेल्या भारतीय-पोर्तुगीज कपाटांवर जाळीदार, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पट्ट्या आढळतात. तेथे सांधा हाच अलंकार होतो.

आज हीच शोभा जुन्या दारांच्या मुळावर येत आहे. गावठाणांतील कौलारू घरे पुनर्विकासासाठी पाडली जातात, तेव्हा त्यांची दारे-खिडक्या जुन्या लाकडी सामानाच्या बाजारात जातात. जोगेश्वरीजवळचा ओशिवरा बाजार अशा सामानासाठी प्रसिद्ध आहे. जुने दार कोठे मेजाचा पृष्ठभाग बनते, तर पितळी बिजागरी भिंतीवरील शोभेची वस्तू. वस्तू वाचते, ही समाधानाची बाब आहे. परंतु ती कोणत्या गावातील, कोणत्या घराची, कोणत्या दारावरची, ही माहिती वाटेतच गळून पडते. ज्या बिजागरीला देखणेपण नाही, ती तर वजनावर भंगारात जाते.

निष्कर्ष

कान्हेरीच्या दगडाने दाराची खूण सुमारे दोन हजार वर्षे जपली. लाकडी घराजवळ अशी सोय नाही. घर पाडताच दार, सांधा आणि त्यांचे परस्परस्थान यांचा पुरावा एका दिवसात नष्ट होतो. म्हणून घर पाडण्यापूर्वी दाराचे मोजमाप, सांध्याचा प्रकार, धातू, खिळा की स्क्रू, घरातील व्यक्ती वापरत असलेला शब्द आणि छायाचित्र एवढी नोंद तरी होणे आवश्यक आहे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. उपनगरांतील महाविद्यालयांच्या इतिहास आणि मराठी विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून हे कार्य संयुक्तपणे हाती घेतल्यास साष्टीच्या सामाजिक इतिहासाचे एक विश्वसनीय साधन उपलब्ध होईल.