गुऱ्हाळावरची हायड्रॉस पावडर : थोड्या पाण्यानं पेटते, भरपूर पाण्यानंच विझते

दसरा-दिवाळी आली की करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी भागात गुऱ्हाळांची चुलवाणं पेटतात. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून बऱ्याच ठिकाणी काहिलीत हायड्रॉस टाकतात. पांढरी, गंधकासारख्या उग्र वासाची ही पावडर मूळची कापड धंद्यातली. रंगकामात ती लागते. शास्त्रीय नाव सोडियम हायड्रोसल्फाइट. गुळात ती घालावी का, यावर वाद पुष्कळ झालेत. पण ती ठेवायची कशी, यावर कोण बोलत नाही. म्हणून हे लिहितोय.

पेट्रोलला ठिणगी लागते. हायड्रॉसला तीही लागत नाही. ढिगाला किंवा डब्याला थोडं पाणी लागलं, की पावडर आतल्या आत तापायला लागते. उष्णता बाहेर पडत नाही, मग आणखी तापते आणि धुमसून पेट घेते. सोबत सल्फर डायऑक्साइडचा धूर सुटतो. तो डोळ्यांना झोंबतो, छाती आवळतो. दमेकऱ्याला तर फार वाईट.

आता आपलं गुऱ्हाळ बघा. सगळीकडं वाफ, रसाचे शिंतोडे, शेजारी वाळलेल्या चिपाडाचा ढीग, वर पत्रा गळका. आणि पावडर? उघड्या प्लास्टिक पिशवीत, चुलवाणापासून चार हातांवर. आमच्या भागात एका ठिकाणी रसानं ओलं झालेलं वाटगं तसंच डब्यात बुडवलेलं मी बघितलंय. थोड्या वेळानं डबा हाताला गरम लागला. कुणीतरी उचलून रानात नेऊन ठेवला म्हणून निभावलं. तसा धुमसणारा डबा हातात धरणं बरं न्हवं, हेही सांगतो.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या लोडाय गावी 21 एप्रिल 1995 ला एका कारखान्यात हीच पावडर ॲल्युमिनियमच्या भुकटीबरोबर मिसळण्याचं काम चालू होतं. यंत्रात पाणी शिरलं, माल तापत गेला आणि स्फोट झाला. 5 कामगार गेले. आपल्याकडं तेवढा माल नसतो, पण सुरुवात तशीच होते.

ठेवायची तर मूळच्या पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट लावून. डबा जमिनीवर नको, फळीवर ठेवा. खोली कोरडी, हवेशीर आणि चुलवाण-चिपाडापासून लांब असावी. रस निवळायला वापरतात ते फॉस्फोरिक ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर शेजारी ठेवू नका. ॲसिड लागलं की विषारी वायू लगेच सुटतो. पावडर काढायला वेगळं, कोरडं वाटगं ठेवा. एकदा बाहेर काढलेली परत डब्यात टाकायची नाही. सांडली तर कोरड्या झाडूनं गोळा करा, ओल्या फडक्यानं पुसू नका आणि झाडलोट चिपाडात टाकू नका. आणखी एक, ज्या खोलीत कामगारांची पोरंबाळं झोपतात तिथं हा डबा नकोच. बहुतेक ठिकाणी नेमका तिथंच असतो.

पेटलीच तर? बहुतेकजण वाळू टाकतील नाहीतर ओलं पोतं. दोन्ही चूक. ही पावडर जळायला बाहेरची हवा लागतच नाही, त्यामुळं दडपून विझत नाही. तांब्याभर पाणी तर आगीत तेल. पाणी मारायचं तर मोटारीच्या पाइपनं, लांबून, सलग आणि धो धो. तेवढं पाणी नसेल तर नादाला लागू नका. माणसं वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्या, 101 किंवा 112 ला फोन लावा आणि हायड्रॉस आहे हे आधी सांगा. तापलेल्या डब्याचं झाकण उघडून बघू नका. वाहून गेलेलं पाणी विहिरीत, ओढ्यात जाऊ देऊ नका. डोळ्यात पावडर गेली तर 15 मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवून दवाखाना गाठा. धूर छातीत गेला असेल तर बरं वाटलं तरी दाखवून घ्या, त्रास काही तासांनी वाढू शकतो.

हंगाम संपला की उरलेला डबा माळ्यावर टाकायची आपली सवय. जूनचा पाऊस पत्र्यातून गळतो तो थेट त्याच्यावर. तेव्हा लागेल तेवढीच आणा, उरली तर विक्रेत्याला परत घेतोस का विचारा. रिकामा डबा धान्याला, पाण्याला वापरू नका.

नको असेल तर भेंडीचा पर्याय आहेच. रानभेंडीच्या खोडाच्या चिकानं रस निवळायची आपली जुनी रीत. असा गूळ थोडा तांबूस दिसतो, बाजारात त्याला दर कमी मिळतो ही अडचण खरी. पण हायड्रॉसचा पिवळेपणाही साठवणीत टिकत नाही, काही आठवड्यांत गूळ काळवंडायला लागतो.