कटिशूलाचें गुप्त औषध

मासिकें बांधून घेतांना जाहिरातींचीं पानें काढून टाकण्याची रीत आपल्या संग्राहकांत जुनी आहे. वैद्यकाची जीर्ण पोथी जो जपून ठेवतो, तोच हीं पानें रद्दींत घालतो. वस्तुतः हीं दोन्ही साधनें शेजारीं ठेविल्यावांचून औषधव्यवहाराचा इतिहास उलगडत नाहीं.

उदाहरणार्थ 'डोन्स' गोळ्या घेऊं. अमेरिकेंतील बफेलो येथील फॉस्टर-मॅक्लेलन कंपनीच्या या गोळ्यांच्या जाहिराती विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांत येत. पाठ दुखली कीं मूत्रपिंड बिघडलें, हा त्यांचा सिद्धान्त. परंतु उरणच्या मिठागरांत दिवसभर ओणवें राहून मीठ ओढणाराची पाठ श्रमानेंच दुखते. नैयायिक या हेतूस सव्यभिचार म्हणतील.

'पेटंट औषध' हें नांवही फसवें. खऱ्या पेटंटास कृति उघड करावी लागते. येथें कृति गुप्त व रक्षण केवळ नांवाचें. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननें १९०९ सालीं 'सीक्रेट रेमिडीज' या ग्रंथांत या गोळ्यांचें पृथक्करण छापलें. त्यांत निघाले ते पदार्थ असे : मेथीची पूड, सोरा, गव्हाचें पीठ, मक्याचें सत्त्व, जुनिपरचें म्हणजे हपुषेचें तेल आणि हेमलॉक नामक सूचिपर्णी वृक्षाची राळ. म्हणजे आपल्याच फडताळांतली मेथी परदेशी पेटींतून येत होती!

याउलट शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडांत गोक्षुरादि गुग्गुळ व चंद्रप्रभा हे मूत्रविकारांवरील योग घटक व मानासह दिले आहेत. उरणशेजारीं पनवेलीस वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनीं १८७२ सालीं स्थापिलेल्या धूतपापेश्वर कारखान्यानें असे ग्रंथोक्त योग त्यांच्या मूळ नांवांनींच बाजारांत आणले. कृति उघड असली म्हणजे गुण सिद्ध झाला, असें मात्र नव्हे. परीक्षेची वाट मोकळी राहते, एवढेंच.

पुढें १९३०-३१ सालीं चोप्रा समितीनें औषधांच्या बाजाराची चौकशी केली व १९४० सालीं औषधांचा कायदा झाला. १९५४ च्या कायद्यानें तर मूत्रपिंडांतील खडे व 'ब्राइट'चा रोग यांवरील औषधांची जाहिरात लोकांपुढें करण्यासच मनाई केली. ही मनाई कां करावी लागली, याचा पुरावा त्या काढून टाकलेल्या पानांतच आहे. यास्तव संग्राहकांस विनंति कीं, पुढील बांधणीच्या वेळीं तीं पानें अंकांतच राहूं द्यावींत.