तंत्रविद्या व अभिकल्प शिक्षण, शालेय

तंत्रविद्या व अभिकल्प शिक्षण, शालेय : एखादी गरज ओळखणे, ती भागविणाऱ्या वस्तूची योजना करणे, ती योजना रेखाटनाने मांडणे, द्रव्ये व हत्यारे वापरून वस्तू तयार करणे आणि ती कसोटीस उतरते की नाही हे पाहणे, यांचे शाळेतील मुलामुलींना दिले जाणारे शिक्षण. यातील योजनेच्या अंगास ‘अभिकल्प’ म्हणतात. हे शिक्षण मुख्यतः ११ ते १४ वर्षे वयाच्या, म्हणजे सर्वसाधारणपणे सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी असते. ते धंदेशिक्षण नव्हे. विद्यार्थ्याने सुतार वा लोहार व्हावे, हा त्याचा हेतू नसतो. हस्तव्यवसाय, मूलोद्योग, कार्यानुभव ही त्याची पूर्वरूपे होत. मुलाच्या हातून होणारी वस्तू कोणी ठरवावी आणि ती कशासाठी करावी, या प्रश्नांची उत्तरे जशी बदलत गेली, तसा या शिक्षणाचा इतिहास घडला आहे.

पूर्वपीठिका : हस्तकौशल्य संपादन करण्याचा जुना मार्ग म्हणजे उमेदवारी. मुलगा कारागिराच्या हाताखाली राबून धंदा शिके. शाळेत मात्र ग्रंथविद्या शिकविली जाई. भारतात या फारकतीला जातिनिहाय व्यवसायांचीही जोड होती. झां झाक रूसो याने एमील (१७६२) या ग्रंथात आपल्या कल्पित विद्यार्थ्याला सुतारकाम शिकविले. पेस्टालोत्सी (१७४६–१८२७) याने वस्तूंच्या प्रत्यक्ष निरीक्षणावर, तर फ्रबेल (१७८२–१८५२) याने बालकाच्या स्वयंस्फूर्त कृतीवर भर दिला. हस्तकामाला धंद्यापासून वेगळे करून शिक्षणाचे साधन मानण्याची भूमिका या विचारांतून तयार झाली.

स्लॉइड पद्धती : ही भूमिका सार्वजनिक शाळांत प्रथम फिनलंडमध्ये उतरली. हा देश त्या वेळी रशियन साम्राज्याचा स्वायत्त भाग होता. शिक्षणतज्ञ ऊनो सिग्नेउस (१८१०–८८) यांच्या प्रेरणेने १८६६ च्या शालेय कायद्यान्वये ग्रामीण लोकशाळांतील मुलांना हस्तकाम सक्तीचे झाले. स्वीडनमध्ये ऑटो सालोमोन (१८४९–१९०७) यांनी नेस येथे १८७० नंतरच्या दशकात शिक्षकांसाठी प्रशिक्षणसंस्था उभारली. तिला त्यांचे मामा, व्यापारी आउगुस्ट आब्राहामसोन यांचे आर्थिक पाठबळ होते. सालोमोन यांनी १८७७ मध्ये सिग्नेउस यांची भेट घेतली आणि त्यानंतर आपल्या पद्धतीला निश्चित शैक्षणिक रूप दिले.

सालोमोन यांच्या पद्धतीत नमुन्यांची चढती मालिका असे. चाकू हे पहिले हत्यार. कुंडीतील रोपाला आधार देणारी काठी, लाकडी चमचा, हत्याराची मूठ अशा वस्तूंमधून विद्यार्थी सोप्याकडून अवघडाकडे जाई. वस्तू घरी उपयोगी पडणारी असावी, शोभेची नसावी. ती आरंभापासून शेवटपर्यंत विद्यार्थ्याने स्वतः करावी आणि शिक्षकाने तिला हात लावू नये, असे नियम होते. त्यामागे शिस्त, अचूकपणा व श्रमाविषयीचा आदर हे गुण अंगी बाणावेत, अशी अपेक्षा होती. वस्तूपेक्षा ती घडविणारा महत्त्वाचा, हे या पद्धतीचे सार होय. तथापि नमुना आधीच ठरलेला असल्याने विद्यार्थ्याला निर्णय घेण्यास फारसा वाव नव्हता. मुलांना लाकूडकाम व मुलींना शिवणकाम अशी विभागणीही दीर्घकाळ टिकली. स्वीडनमध्ये १९६९ च्या अभ्यासक्रमाने दोन्ही प्रकारची कामे मुलामुलींना सारखीच लागू केली.

रशियन पद्धती व अमेरिका : मॉस्को येथील शाही तंत्रशाळेचे संचालक व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी याच काळात वेगळी दिशा घेतली. त्यांनी प्रत्येक धंद्याचे पृथक्करण करून कापणे, तासणे, सांधे जुळविणे अशा मूलक्रिया वेगळ्या काढल्या आणि त्यांचे क्रमवार पाठ तयार केले. या पद्धतीत उपयोगी वस्तू बनत नसे. पाठ पूर्ण करणे हेच साध्य असे. त्यामुळे एक शिक्षक संपूर्ण वर्गाला एकाच वेळी शिकवू शके. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात या पद्धतीचे नमुने मांडले गेले आणि अमेरिकेतील शिक्षणतज्ञांवर त्यांचा मोठा प्रभाव पडला. सेंट लूइस येथे कॅल्व्हिन वुडवर्ड यांनी स्थापन केलेली हस्तप्रशिक्षण शाळा १८८० मध्ये सुरू झाली. तीत चौदा वर्षांवरील मुलांना गणित, विज्ञान, भाषा व रेखाटन यांच्या जोडीने कर्मशाळेतील काम शिकविले जाई.

स्लॉइडमध्ये वस्तू होती, पण निवड नव्हती. रशियन पद्धतीत वस्तूही उरली नाही. जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो येथे सुरू केलेल्या प्रयोगशाळेत स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम हे व्यवसाय इतिहास व विज्ञान शिकण्याचे प्रवेशद्वार मानले. तेथे मुलाच्या प्रश्नाला प्रथमच मध्यवर्ती स्थान मिळाले. पुढील अमेरिकन ‘औद्योगिक कला’ या विषयावर या विचाराची छाप होती. त्या विषयाच्या राष्ट्रीय संघटनेने १९८५ मध्ये आपल्या नावात ‘तंत्रविद्या’ हा शब्द स्वीकारला.

वर्धा योजना : भारतात महात्मा गांधींनी १९३७ मध्ये मांडलेली योजना या सर्वांहून अधिक मूलगामी होती. वर्धा येथे २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी भरलेल्या परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. सात ते चौदा वर्षे वयाच्या मुलामुलींना मातृभाषेतून मोफत व सक्तीचे शिक्षण आणि त्याच्या केंद्रस्थानी एक मूलोद्योग, असे तिचे स्वरूप होते. सूतकताई व विणकाम, सुतारकाम, शेती इ. उद्योग त्यासाठी सुचविले होते. शाळेच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी राखली होती. भाषा, गणित, विज्ञान व समाजशास्त्र हे विषय शक्यतो उद्योगाच्या आधारे शिकवावयाचे होते. यास ‘समवाय’ म्हणत. टकळीवरील सूत मोजताना गणित, कापसाच्या निमित्ताने भूगोल व इतिहास, अशी ही रीत होती. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थानी तालीमी संघाने सेवाग्राम येथे हे काम पुढे नेले.

ज्या समाजात हाताने काम करणे हे जन्माने ठरे व कमी लेखले जाई, त्यात प्रत्येक मुलाच्या हाती टकळी देणे ही सामाजिक क्रांतीच होती. मात्र मुलांनी तयार केलेल्या मालाच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा, या अपेक्षेवर परिषदेतच आक्षेप घेतले गेले. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शाह यांनी त्यास विरोध केला. विक्री हे उद्दिष्ट झाले की, मुलाच्या शिकण्याऐवजी मालाचे प्रमाण महत्त्वाचे ठरते आणि तो माल व्यावसायिक कारागिरांशी स्पर्धा करतो, ही अडचण खरी होती. शहाण्या पालकांनाही ही शाळा गरिबांसाठी वेगळी काढलेली वाटली, तर तिचा मूळ हेतूच हरपणार होता. स्वातंत्र्योत्तर काळात मूलोद्योग शाळा हळूहळू मागे पडल्या. कोठारी आयोगाने (१९६४–६६) ‘कार्यानुभव’ ही संकल्पना मांडली. ईश्वरभाई पटेल समितीने (१९७७) ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ सुचविले. दोन्हींचा आशय व्यापक होता, परंतु शाळांच्या वेळापत्रकात त्यांना सामान्यतः गौण विषयाचेच स्थान मिळाले. जे काम सर्व विषयांना जोडणारे व्हावयाचे, ते आठवड्यातील एकदोन तासिकांपुरते उरले.

अभिकल्पाचा प्रवेश : ग्रेट ब्रिटनमध्ये १९६०–७० च्या दशकांत शालेय लाकूडकाम व धातुकाम यांचा पुनर्विचार झाला. नमुन्याबरहुकूम वस्तू करण्याऐवजी विद्यार्थ्यापुढे एखादी अडचण ठेवावी आणि तिचे उत्तर त्याने शोधावे, हा विचार पुढे आला. ब्रूस आर्चर यांनी विज्ञान व मानव्यविद्या यांच्या जोडीने अभिकल्प हे सामान्य शिक्षणाचे तिसरे क्षेत्र मानले. इंग्लंड व वेल्समध्ये १९९० पासून राष्ट्रीय अभ्यासक्रमान्वये तंत्रविद्या हा विषय ५ ते १६ वर्षे वयाच्या सर्व मुलामुलींना सक्तीचा झाला. गरज ओळखणे, अभिकल्प करणे, नियोजन व निर्मिती करणे आणि मूल्यमापन करणे, अशी त्याची चार उद्दिष्टे होती. थोड्याच काळात उलट दिशेची अडचण दिसून आली. लेखी काम वाढले आणि वस्तू नीट घडविण्याचे कौशल्य मागे पडले, अशी टीका १९९२ मध्ये स्मिदर्स व रॉबिन्सन यांच्या अहवालात करण्यात आली. १९९५ च्या सुधारणेत ‘अभिकल्प’ व ‘निर्मिती’ ही दोनच उद्दिष्टे ठेवण्यात आली. २००४ पासून चौदा वर्षांनंतर हा विषय सक्तीचा राहिला नाही.

महाराष्ट्रातील प्रयोग : श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. तेथील अनुभवावर आधारलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पुढे आठवी ते दहावीच्या ग्रामीण शाळांत आला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य ही त्याची चार अंगे असून गावाला प्रत्यक्ष लागणारी कामे हाच त्याचा पाठ असतो.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी उच्च प्राथमिक विद्यार्थ्यांसाठी अभिकल्पाचे पाठ तयार करण्यात आले. शहरी इंग्रजी माध्यमाच्या, शहरी मराठी माध्यमाच्या आणि ग्रामीण अशा वेगवेगळ्या शाळांतील मुलामुलींच्या गटांनी पुस्तके नेण्यासाठी पिशवी, वजन उचलणारी पवनचक्कीची प्रतिकृती व कळसूत्री खेळासाठी बाहुल्या तयार केल्या. वस्तू करण्यापूर्वी गटाने चर्चा करणे, आकृती काढणे, मापे लिहिणे, साहित्याची यादी व कृतीचा क्रम ठरविणे आणि शेवटी आपली व इतरांची वस्तू पारखणे, असा पाठाचा क्रम होता. पवनचक्की फिरली, पण वजन उचलले गेले नाही, तर दोष पात्यांत आहे की आसात, हे मुलांनाच शोधावे लागते. येथे चूक हा पाठाचाच भाग ठरतो.

सद्यःस्थिती व प्रश्न : सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुरू झाल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात स्थानिक कारागिरांबरोबर दहा दिवसांचा दप्तरमुक्त अनुभव सुचविला. साधने आली, तरी जुना प्रश्न कायम राहतो. तयार संचातील भाग सूचनेबरहुकूम जोडणे म्हणजे नव्या द्रव्यांतील नमुनामालिकाच होय. उलट, केवळ कागदावरील अभिकल्पाने हाताला वळण लागत नाही. गुण अखेरच्या वस्तूलाच दिले, तर घरातील मोठ्यांनी केलेली सुबक वस्तू पुढे जाते आणि मुलाची वाकडी, पण स्वतः विचार करून केलेली वस्तू मागे राहते. म्हणून रेखाटने, मापांतील दुरुस्त्या व फसलेले प्रयत्न यांचाही मूल्यमापनात समावेश करणे आवश्यक ठरते. पुठ्ठा, बांबू, कापड, तार यांसारखी साधी द्रव्ये, मोजकी हत्यारे आणि मुलाला निर्णय घेऊ देणारा शिक्षक एवढ्यावर हे शिक्षण उभे राहू शकते. त्यांपैकी शिक्षकाची तयारी हीच सर्वांत अवघड होय.