लैंगिक अल्पसंख्य : मानसोपचारकांचे प्रशिक्षण

समलिंगी, उभयलिंगी व पारलिंगी सल्लार्थींना साहाय्य करता यावे, म्हणून मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक व समाजकार्यकर्ते यांना देण्यात येणारे विशेष शिक्षण. सल्लार्थीचा लैंगिक कल किंवा लिंगभाव हा विकार न मानता कुटुंब, समाज व कायदा यांच्या दडपणातून निर्माण होणारा ताण हा उपचाराचा विषय मानणे, हे त्याचे मूलतत्त्व होय. साहजिकच नव्या माहितीची भर घालण्यापेक्षा पूर्वी शिकविलेले बाजूस सारणे, हा त्यातील अधिक अवघड भाग ठरतो. या प्रशिक्षणाचा विकास महानगरांत झाला, तथापि त्याची खरी कसोटी देगलूरसारख्या (जि. नांदेड) सीमावर्ती तालुक्यांत लागते.

अशा व्यक्तींकडे राज्यसत्तेने दीर्घकाळ संशयाने पाहिले. भारतीय दंडसंहितेच्या (१८६०) ३७७ व्या कलमाने समलिंगी संबंध गुन्हा ठरविले, तर १८७१ च्या गुन्हेगार जमातींविषयक कायद्याने हिजड्यांची सरकारी नोंद सुरू केली. देगलूर ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथेही फसली १३२९ (इ. स. १९१९) मध्ये त्याच धर्तीचा कायदा झाला. तेलंगण उच्च न्यायालयाने तो २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरविला. या विषयावर मोकळेपणाने सल्ला देणेही सोपे नव्हते. र. धों. कर्वे आपल्या समाजस्वास्थ्य (१९२७–५३) या मासिकातून वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे देत. त्यावरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते. तरीही कर्व्यांना दंड झाला.

मानसोपचारशास्त्रही या दृष्टिकोनापासून अलिप्त नव्हते. समलिंगी आकर्षणाला विजेचा धक्का किंवा अन्य अप्रिय अनुभव जोडून ते नष्ट करू पाहणारी वर्तनचिकित्सा अनेक देशांत रूढ होती. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने १९७३ मध्ये समलैंगिकता विकारांच्या यादीतून वगळली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये तसाच निर्णय घेतला आणि २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात पारलिंगी अवस्थाही मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढली. मात्र यादी बदलली, तरी जुन्या पाठ्यपुस्तकांवर शिकलेला चिकित्सक लगेच बदलत नाही.

भारतात या दिशेने पहिले पाऊल स्वयंसेवी संस्थांनी टाकले. मुंबईतील हमसफर ट्रस्ट (१९९४) व पुण्यातील समपथिक ट्रस्ट (२००२) यांच्या कार्यात एड्सप्रतिबंधाबरोबरच समुपदेशनालाही स्थान मिळाले. बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर मराठीत लेखन केले. मानसिक आरोग्यसेवा कायद्याने (२०१७) लैंगिक कलावरून सेवेत भेदभाव करण्यास मनाई केली. २०१८ मध्ये इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने समलैंगिकता हा आजार नसल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध ३७७ व्या कलमातून मुक्त केले. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हने २०१९ मध्ये समुपदेशकांसाठी प्रमाणपत्र-अभ्यासक्रम सुरू केला. स्वतः या समाजघटकांतील असलेले मानसोपचारक तेथे शिकवितात, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी २०२१ मध्ये निकालापूर्वी स्वतः मानसशास्त्रज्ञाकडून या विषयाचे शिक्षण घेतले आणि कल बदलण्याच्या तथाकथित उपचारांना मनाई केली. पुढील वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. तथापि याच आयोगाच्या २०२४ च्या न्यायवैद्यक अभ्यासक्रमात स्त्रियांमधील समलैंगिकता अनैसर्गिक लैंगिक अपराधांत गणली गेली होती. टीकेनंतर काही दिवसांतच तो मागे घेण्यात आला.

प्रशिक्षणात सल्लार्थीच्या स्वतःविषयीच्या शब्दांचा आदर, गोपनीयता, विवाहासाठी होणारी सक्ती, घरातील हिंसा व आत्महत्येचा धोका यांचा विचार होतो. पारलिंगी व्यक्तीला लिंगभावानुरूप शस्त्रक्रियेसाठी मानसोपचारकाचे पत्र लागते. त्यामुळे तो साहाय्यकही असतो आणि द्वारपालही. अशा वेळी नकाराच्या भीतीने सल्लार्थी मनातील खऱ्या शंका लपवितो. ही भीती ओळखणे व दूर करणे, हे एक महत्त्वाचे कौशल्य मानले जाते.

लहान गावांत या कौशल्याची गरज अधिक आहे. महाराष्ट्रातील ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथील जुन्या शासकीय मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. देगलूरहून जिल्ह्याचे ठिकाण सु. ८० किमी. आहे. अशा ठिकाणी घरचे लोक मुलाला किंवा मुलीला प्रथम कुटुंबाच्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेतात. तेथे ‘लग्न करा, सर्व ठीक होईल’ हा सल्ला मिळाल्यास त्याचे परिणाम दोन कुटुंबांना भोगावे लागतात. तसेच मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू यांच्या संगमावरील या भागात पुस्तकी पारिभाषिक शब्द अपुरे पडतात. लोकांच्या तोंडचे शब्द, त्यांतील अवहेलनेसह, चिकित्सकाला ठाऊक असावे लागतात. २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या दूरध्वनिसेवेने (क्र. १४४१६) अंतर कमी केले. परंतु दूरध्वनीवर वा दवाखान्यात ऐकणारी व्यक्ती प्रशिक्षित असेल, तरच त्या सोयीला अर्थ येतो. म्हणून तालुक्यातील डॉक्टर, परिचारिका व आशा कार्यकर्त्या यांच्यापर्यंत हे शिक्षण नेणे, हा त्याच्या विकासाचा पुढील टप्पा ठरतो.