३७. धोतर-कर्करोग
धोतराचा किंवा परकराच्या नाडीचा वर्षानुवर्षे एकाच जागी काच बसून कमरेच्या त्वचेवर क्वचित होणारा कर्करोग. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी सहकाऱ्यासह १९४५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यांत हा पेहराव आजही रोजचा असल्याने प्रस्तुत उताऱ्यातील कमरेवरचा काळा, खरखरीत वळ आणि त्यात न भरणारा व्रण हे तपशील दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. काचाने मरणाऱ्या पेशींतून झिरपणारी द्रव्ये प्रतिकारपेशींना तिथे खेचतात आणि दाह सुरू होतो. जखम भरली की हा दाह शमतो, मात्र काच सुटला नाही तर तो धुमसत राहून शेजारच्या पेशींना वाढीचे संकेत देतो, आणि विलक्षण हे की, एरवी कर्कपेशी हुडकून मारणारीही हीच प्रतिकारयंत्रणा असते.