भातखंड्यांची दक्षिणयात्रा

१९०४ साली मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे दक्षिणेच्या प्रवासास निघाले. समुद्रकाठचे मद्रास, भोसले राजांचे तंजावर, मदुराई, एट्टयपुरम. प्रत्येक मुक्कामी शोध एकच, संगीताचे ग्रंथ आणि त्यांचे जाणकार.

उत्तरेत राग गवयांच्या कंठात होते. त्यांची सर्वमान्य शास्त्रीय मांडणी नव्हती.

एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांकडून त्यांना व्यंकटमखींच्या सतराव्या शतकातील ‘चतुर्दंडिप्रकाशिके’ची प्रत मिळाली. तीत ७२ मेळांची व्यवस्था होती. त्याच धर्तीवर भातखंड्यांनी हिंदुस्थानी राग १० थाटांत बसवले आणि ही पद्धती मराठीत विस्ताराने लिहिली.

अनेक राग या चौकटीत पुरते मावत नाहीत, हा आक्षेप आजही आहे. तरीही संगीताचा विद्यार्थी पहिले धडे तिच्यातच गिरवतो.